थांबवरचं टिंब

आक्काला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. आक्का बाळंतीण, त्यामुळे वाइनच्या कारखान्यातली तिची कचेरी बंद, आणि कचेरी बंद म्हणूनच अक्षरवाली दार चुकून सरळ तळघरात उतरली.

ती दुकानांच्या पाट्या रंगवायची, लेबलं लिहायची. कारखाना चालवणाऱ्या घराने एक लाल वाइन तीन वर्षं लाकडी पिंपात राखून ठेवली होती, तिच्या लेबलासाठी तिला बोलावलं होतं. खाली पिंपांच्या दोन लांब रांगा, ओल्या लाकडाचा आंबूस वास आणि बाह्या वर सारलेला एक उंच तरुण. तो आक्काचा भाऊ. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. त्याने वळून पाहिलं आणि ती काही बोलायच्या आत तिच्या हातात पेला दिला.

“बरं झालं आलात. घ्या. अगदी खरं सांगायचं हं.”

तिने घोट घेतला. जन्मात पहिल्यांदाच. “अं… कुलपासारखी लागते.”

“लोखंडी?”

“नाही… बरीच वर्षं न उघडलेल्या कुलपासारखी. आणि मग… कोणीतरी किल्ली फिरवल्यासारखी.”

त्याने ते गंभीरपणे वहीत उतरवून घेतलं. “प्रयोगशाळेत हे कोणत्या रकान्यात भरता तुम्ही?”

“कसली प्रयोगशाळा? मी लेबल लिहायला आले!”

तो कानापर्यंत लाल झाला. “मग आधी सांगायचं नाही का? मला वाटलं, वाइन तपासायला आलात.”

“सांगू दिलंत कुठे? तोंडाला तर पेला लावलात!”

पिंपांमागे कोणीतरी खोकलं. ते आबा, धाकट्याचे वडील. आबांना उभ्या आयुष्यात दोनच शब्द लिहिता आले. पिंप तयार नसलं तर त्यावर खडूने ‘थांब’, आणि तयार झालं की ‘चल’. कारण ते सांगत नसत आणि कोणी विचारतही नसे. आबांनी लिहिलं की संपलं. पण अक्षरवालीची नजर अक्षरावरच पडायची.

“अय्या, सगळीकडे ‘थाब’ लिहिलंय! टिंब राहिलं की.”

“हळू बोला,” धाकटा कुजबुजला. “चाळीस वर्षं असंच चाललंय. वाइनला टिंब कळत नाही.”

“माणसांना कळतं ना!”

आबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, खडू खिशात टाकला आणि जिना चढून गेले.

लेबलावर एकच शब्द यायचा होता – ‘राखीव’. तीन अक्षरं, पण त्यांना पाच आठवडे लागले. कधी धाकट्याला वेलांटी आखूड वाटायची, कधी तिलाच ‘व’चं पोट खटकायचं.

“हा ‘ख’ आहे की ‘र’ आणि ‘व’?” एकदा त्याने तळघरातल्या डुगडुगत्या टेबलावरच्या कागदावर वाकून विचारलं.

“जवळ आणले की ‘ख’. लांब ठेवले की बिचारे नुसते ‘र’ आणि ‘व’.”

“मग आणा की जवळ…”

“तुम्ही अक्षराबद्दलच बोलताय ना?”

“हो… म्हणजे… अक्षराबद्दलच.”

असा हा माणूस. बोलायचा वाइनबद्दल, बघायचा तिच्याकडे. की ते तिलाच तसं वाटायचं? काही कळायला मार्ग नव्हता.

पाचव्या आठवड्यात तिला दूरच्या एका मोठ्या छापखान्यातून नोकरीचं पत्र आलं. सोमवारी निघायचं होतं. तिने धाकट्याला सांगितलं आणि श्वास रोखून उभी राहिली. त्याने हातातलं बूच तीनदा उलटसुलट केलं.

“घाई केली की चव जाते,” तो म्हणाला.

“वाइनची?”

“हो… वाइनचीही.”

त्या एका ‘ही’चा ती घरी पोचेपर्यंत कीस काढत राहिली. आणखी कशाची? आणि असेल तर सरळ बोलायला याच्या तोंडाला काय बूच लावलंय?

शनिवारी ती शेवटचं लेबल द्यायला आली. तळघरात कोणी नव्हतं. कोपऱ्यातल्या पिंपावर कालपर्यंत ‘चल’ होतं, ते आज पुसलेलं. त्या जागी ठळक, पांढरं – ‘थांब’. टिंबासकट!

तिने पिंपावर बोटं वाजवली. पोकळ आवाज आला. वाइन कालच बाटल्यांत भरून झाली होती. मग थांबायचं कोणी?

जिन्यावर पावलं वाजली. धाकटा आला, पिंपाकडे पाहिलं आणि जागच्या जागी खिळला.

“हे… तुम्ही लिहिलंत?” दोघांनी एकदमच विचारलं.

“मी कशाला लिहीन?” ती म्हणाली. “जाणारी मी. मी कोणाला थांब म्हणू?”

“पण टिंब तर तुमचंच आहे!”

ती खाली वाकली. ‘ब’चं पोट सुटलेलं, ‘थ’ची गाठ सैल. हात आबांचाच होता. नवं होतं ते फक्त टिंब… चवळीच्या दाण्याएवढं, पुन्हा पुन्हा गिरवलेलं.

“रिकाम्या पिंपाला आबा थांब का म्हणतील?” तिने विचारलं.

“वय झालंय त्यांचं. चुकून…” तो बोलता बोलता अडखळला. तिच्याकडे पाहिलं. मग पिंपाकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि या खेपेला नजर हलली नाही. “आबांचा शब्द मी वापरला तर चालेल?”

“कोणता?”

“थांब.”

“एकदम अगं-तुगं? ‘थांबा’ नाही?”

“नाही. थांब. टिंबासकट.”

अक्षरवालीने पिशवीतून छापखान्याचं पत्र काढलं, त्याची चौपदरी घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. तीही थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने आबांना गाठलं. “आबा, त्या कोपऱ्यातल्या पिंपावर…”

“कुठलं पिंप?” आबा म्हणाले आणि वेलींची छाटणी बघायला निघून गेले.

दोघांचं लग्न झालं. आबांनी त्यानंतरही शंभरेक पिंपांवर लिहिलं असेल, पण सगळीकडे ‘थाब’च. कोपऱ्यातलं पिंप मात्र कोणी पुसलं नाही आणि भरलंही नाही. ते नक्की कोणासाठी होतं, की खरंच चुकलं होतं, याचा गुंता आजही तसाच आहे.

आबा वारले ते लग्नाच्या चौथ्या वर्षी, द्राक्षांच्या तोडणीच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी दुपारी.