सरळ न जाणारं विमान

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. मला कुणाला पटवून द्यायचं नाही.

गफार माझा मेव्हणा. माझी बायको जमिलाबी, तिचा धाकटा भाऊ. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. ती कशानं मोडली, ते त्यानं माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. तेव्हा जमिलाबी जिवंत होती. तिनंही ऐकलं.

साल १९६३, चैत्र महिना. जागा अणदूरबाहेरचा माळ. सगळं दिवसाउजेडी घडलेलं आहे.

तलावांच्या नकाशासाठी वरून फोटो काढायला एक लहान विमान आलं होतं. माळ सपाट करून त्याला धावायला पट्टी केली होती. गफार मूळचा कळंबचा, पण विमानाचं काम हैदराबादेत, बेगमपेठेच्या विमानतळावर शिकलेला. मिस्त्री तोच. पायलट वीरभद्र साहेब. पट्टीवर राखणीला कोंडीराम आणि पाणी भरायला त्याची बायको, कडूबाई.

फोटो नीट यायला विमान नाकासमोर सरळ जावं लागतं. माणसाचा हात हलतो. म्हणून त्यात नवं यंत्र बसवलं, ऑटोपायलट. आत एक भोवरा फिरतो, त्याच्या इशाऱ्यावर तारा ओढल्या जातात, आणि पायलटनं हात सोडला तरी विमान सरळ जातं.

यंत्र बसवलं त्या दुपारी गफारनं जमिनीवरच इंजिन चालू केलं. आत बसून, मान खाली घालून तो काटे बघत होता.

धप्प...

मान वर केली, तर समोरची काच लाल.

कडूबाई विमानाच्या नाकावरच्या पंख्यात गेली होती. खांद्यापासून कमरेपर्यंत चिरली होती. जवळ एकटा कोंडीराम उभा.

"पदर गुतला," तो म्हणाला.

त्याच्या गालावर नखांचे ताजे ओरखडे होते. तो तिला रोज मारायचा, हे गावाला माहीत होतं. पण पंख्यापाशी काय झालं ते कुणी पाहिलं नव्हतं.

विमान धुतलं. आठवड्यानं उडवलं.

ते सरळ गेलंच नाही.

साहेबांनी यंत्र लावून हात सोडला, की ते हळूच एका अंगाला कलायचं... आणि वळायचं. वळून पट्टीवर यायचं. घिरट्या घालायचं.

गफारनं भोवरा बदलला. हवेच्या नळ्या फुंकून पाहिल्या. होकायंत्राजवळचं सगळं लोखंड काढलं. तारा उलट्या जोडल्यात का, म्हणून एकेक हातानं ओढून पाहिली. दोष सापडेना.

"गफारमियाँ, रविवारी नळदुर्गाकडं वळलं," साहेब वैतागले. "आज सकाळी धाराशिवकडं. बिघाड असता तर एकाच बाजूला ओढलं असतं की! ह्याला काय मन आहे काय?"

"साहेब, तारच काढून टाकतो. बघू मग कोण ओढतंय."

त्यानं तार काढली. यंत्राचा आणि पंखांचा संबंधच तोडला. साहेब पुन्हा वर गेले.

तरी विमान धाराशिवकडं वळलं.

हातातलं चाक आपोआप फिरलं... ते आवरताना साहेबांच्या तळव्यांची सालं निघाली.

संध्याकाळी कोंडीराम एस.टी.नं परत आला. कडूबाईच्या मरणाचा जबाब द्यायला त्याला धाराशिवच्या कचेरीत बोलावलं होतं.

"काय मिस्त्री, माझ्यावर पाळत ठेवलीया व्हय?" तो हसत म्हणाला. "कचेरीच्या डोस्क्यावर तुमचंच इमान घिरट्या घालत व्हतं. रविवारी म्या नळदुर्गच्या बाजारला गेलो, तर तिथंबी हजर!"

गफारच्या हातातला चहा तसाच राहिला.

बिघाड यंत्रात नव्हता... बिघाड एका माणसामागं फिरत होता.

सकाळी त्यानं साहेबांना सांगितलं. साहेब हसले. मग त्यांनी आपल्या सोललेल्या हातांकडं पाहिलं, आणि हसायचे थांबले.

"मग करायचं काय?"

"त्यालाच आत बसवू. ज्याच्याकडं जायचं तोच आत असला, तर वळंल कुठं?"

दोष सापडत नसला की एकेक वस्तू जागची हलवून बघायची, असं गफार शिकला होता. त्यानं तसंच केलं. एवढंच.

कोंडीराम बसेना. "न्हाय साहेब. जमिनीवरचं काय बी काम सांगा."

"एवढा बाप्या गडी, आणि भितोस? अरे, बायका बसतात विमानात!"

ते त्याला झोंबलं. तो मागं बसला, कॅमेऱ्याच्या लोखंडी चौकटीपाशी. गफारनं स्वतः त्याच्या पोटावर पट्टा आवळला आणि तो पुढं साहेबांशेजारी बसला. तार पुन्हा जोडलेली होती. वर गेल्यावर साहेबांनी यंत्र लावलं आणि हात सोडला.

विमान सरळ गेलं. सुतासारखं.

"झाली की दुरुस्ती!" साहेब ओरडले. "कोंडीराम, तुला बढती! आजपासून तूच आमचा भोवरा!"

गफारही हसला.

मग इंजिनाचा आवाज गेला...

इंजिन बंद पडलं नव्हतं. पंखा फिरत होता. फक्त आवाज नव्हता.

त्या शांततेत मागं बांगड्या वाजल्या.

"कडू..." कोंडीराम म्हणाला. अगदी हळू. "सोड, कडू."

धप्प.

गफारनं वळून पाहिलं. कोंडीरामचं कपाळ चौकटीवर आपटलं होतं. त्याचे केस कुणीतरी मुठीत धरावेत तसे ताठ उभे होते. डोकं मागं आलं... आणि पुन्हा आपटलं. धुणं दगडावर आपटावं तसं.

त्याच्या शेजारी कुणी नव्हतं.

"म्या नुसता धक्का दिला गं! पंखा दिसला न्हाय मला! दिसला न्हाय!"

धप्प. दात सांडले.

धप्प. नाक राहिलं नाही.

गफारनं त्याचा सदरा धरून ओढला. तेव्हा कुणीतरी त्याची दोन बोटं सावकाश उचलली... आणि उलटी मोडली. हाड तुटल्याचा आवाज त्यानं स्वच्छ ऐकला.

साहेब पाय रोवून दोन्ही हातांनी चाक फिरवत होते. चाक हलेना. विमान सरळच चाललं होतं. मागं एवढी आदळआपट, पण पंख तसूभर कलला नाही.

कोंडीरामची धडपड थांबली, तेव्हाच चाक सैल झालं. इंजिनाचा आवाज परत आला.

वादळी हवेत डोकं आपटलं, असं कागदावर लिहिलं गेलं. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. पोटावरचा पट्टा आवळलेलाच होता.

गफारला वाटलं, संपलं. तिला पाहिजे होतं ते मिळालं.

काही दिवसांनी साहेबांनी विमान एकट्यानं वर नेलं. गफार हात गळ्यात बांधून पट्टीवर उभा होता. विमान सरळ गेलं. लहान लहान होत गेलं...

मग एक पंख खाली झाला.

ते वळलं.

गफार पट्टीच्या दुसऱ्या टोकाला गेला. ते तिकडं वळलं. तो पळत लिंबाखाली शिरला. ते लिंबावर आलं, इतकं खाली की शेंड्याच्या फांद्या मोडून त्याच्या अंगावर पडल्या. वर गेलं. पुन्हा आलं.

साहेब कसेबसे उतरले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मियाँ, तुम्ही तिचं काय वाकडं केलं होतं?"

जमिलाबीनंही त्याला तेच विचारलं.

"काय न्हाय, आपा," गफार म्हणाला. "ती माझ्यावर रागावलेलीच न्हाय. जनावराला एकदा हातानं घास दिला, की ते त्याच माणसामागं फिरतं. कोंडीराम म्या तिला आणून दिला. आता तिला वाटतंय, हा अजून आणंल."

"अजून? अजून कुणाला?"

"माझ्याजवळ जो असंल त्याला."

एवढं बोलून तो उठला. पुन्हा आमच्या घरी आला नाही. विमानाचं काम सोडून तो कळंबला एकटाच राहू लागला. पुढं ते विमानही तुकडे करून भंगारात विकलं, असं कळलं.

मागच्या वर्षी जमिलाबी तापानं गेली. आमच्या गावाहून कळंब काही लांब नाही. मी माणूस पाठवला. तरी सख्खा भाऊ तिच्या मातीला आला नाही. लोक नाही नाही ते बोलले. तो का आला नाही, ते मी ओळखलं. आमचं कबरस्तान उघड्या माळावर आहे, आणि तिथं सगळं गाव उभं होतं.

मी मूठभर माती टाकली, तेव्हा लांबून घरघर ऐकू आली...

कळंबच्या बाजूनं.

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. आवाज मात्र तिकडंच, एकाच जागेभोवती फिरत राहिला.

परवा गफारचा निरोप आला. "दुलाभाई, तुम्ही एकटे, मीही एकटा. चार दिवस राहायला या."

इतक्या वर्षांत त्यानं कधी बोलावलं नव्हतं.

मी अजून गेलेलो नाही.