शेवटच्या थांब्यावरचं घर

नव्या घराची किल्ली सासऱ्यांनी टेबलावर सुनेसमोर ठेवली, आणि सुनेने ती उचलली नाही... ती पाठ फिरवून दूध तापवत राहिली. रुग्णालयाच्या वॉर्डात दिवसभर पायांचे तुकडे पडेपर्यंत उभी राहणारी परिचारिका ती. तिचं मागणं एकच होतं, घर जवळच्या भागात असावं. पण चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला हा म्हातारा हटून बसला होता, "घ्यायचं तर शेवटच्या थांब्यापाशी. तिथंच परवडतं."

जवळच्या भागातल्या दोन खोल्या तिने आणि नवऱ्याने एका रविवारी शेजाऱ्यांच्या गाडीतून जाऊन पाहिल्या होत्या. मोकळ्या रस्त्याने वीस मिनिटांत रुग्णालय! ओढाताण करून जमलंही असतं. सासरे मात्र गाडीत बसलेच नव्हते. "रविवारी कुणी घर बघतं का," म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं होतं. आता शेवटच्या थांब्यापाशी तेवढ्याच पैशांत तीन खोल्या मिळत होत्या, आणि तिसरी कुणाला हे सांगायला ज्योतिषी नको होता. नवरा तर वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हताच.

"त्यांना स्वतंत्र खोली हवी, म्हणून माझ्या पायांचा बळी," ती नवऱ्याला म्हणाली. दाराशी उभ्या सासऱ्यांनी ते ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि ते आत निघून गेले.

नव्या घरात सहा महिने ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. रोज सकाळी थांब्यावर रिकामी बस उभी असे. ती खिडकीशी बसे, दुखरे पाय पुढे सोडी, मनातला राग घोळवता घोळवता गाढ झोपे आणि थेट रुग्णालयापाशी जागी होई. त्यामुळे वाटेत काय घडतं, हे तिने कधी पाहिलंच नाही.

एका सकाळी झोप लागली नाही. जवळच्या भागाचा थांबा आला, आणि खचाखच भरलेली बस न थांबताच पुढे निघाली. खाली हात हलवणाऱ्या गर्दीत तिच्याच वॉर्डातली मैत्रीण होती. तिने हौसेने तिथं घर घेतलं होतं.

"थांबवा ना, बायामाणसं आहेत," ती कळवळून म्हणाली.

"पाय ठेवायला जागा नाही ताई," कंडक्टर म्हणाला. "इथं रोजचंच आहे. तिसऱ्या-चौथ्या बसमध्ये शिरतात, तेही उभ्याने. तुमच्या सासऱ्यांना विचारा. घर घ्यायच्या आधी पंधरा दिवस रोज सकाळी घड्याळ लावून इथं उभे असायचे."

"बाबा? ते तर फिरायला जायचे..."

"गुडघे धरून उभ्याने यायचे आमच्याबरोबर. म्हटलं, काका, या वयात कशाला? तर म्हणाले, 'चाळीस वर्षं आरशात बायकांना उभ्याने झोपताना पाहिलंय रे. माझी सून दिवसभर उभी असते, निदान जाताना तरी तिला बसायला मिळू दे.' वर मला दटावलं, घरी बोलू नकोस, तिला उपकाराचं ओझं वाटेल."

तिच्या डोळ्यांपुढची खिडकी धूसर झाली. सहा महिने ज्या जागेवर बसून तिने त्या माणसाचा राग केला, ती जागाच त्याने तिला दिली होती...

संध्याकाळी ती उतरली तेव्हा सासरे थांब्याच्या बाकावर एकटेच बसले होते. त्यांचे पत्ते खेळणारे तिन्ही सोबती जुन्या गल्लीत राहिले होते. इथं त्यांचं कुणीच नव्हतं, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. ती त्यांच्या पायांशी बसली.

"बाबा, मी तुम्हाला नको ते बोलले... कंडक्टरने आज सगळं सांगितलं मला."

"वर बस बरं आधी," ते गडबडून म्हणाले. "उभ्याने आलीस ना? येतानाचं काही मला जमलं नाही बघ."

ती रडता रडता हसली. किती दिवसांनी त्या घरात त्या रात्री सगळे एकत्र जेवले.

पुढच्याच रविवारी ती त्यांना घेऊन थांब्यावर आली. जुन्या गल्लीत तिघांना निरोप गेला होता, डाव मांडून ठेवा म्हणून. बस लागताच ती पुढे धावत चढली, खिडकीपाशी पिशवी ठेवली आणि दारात परत येऊन तिने हात पुढे केला.

"या बाबा," ती म्हणाली. "सावकाश चढा. खिडकी तुमची."