जिनिंगच्या विहिरीतलं मीठ

"आमच्या विहिरीत मीठ कोनं टाकलं, तेवढं शोधून द्या," भगवंतराव म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

मनकर्णा गावंडे यांच्या अकोल्यातल्या कचेरीत असं काम कधी आलं नव्हतं. एरवी तिथे येत ते लग्नाआधी मुलाची चौकशी करणारे बाप, नाहीतर विमा कंपन्यांची माणसं. बाई पन्नाशीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरी बोलायला कुणी नसल्यामुळे असेल, त्यांची बोलायची सवयच मोडली होती. ती कसर त्यांचा मदतनीस नितेश भरून काढी. गाडी चालवणं, टायपिंग करणं आणि वेळेवर जेवणं ही त्याची तीन कामं, आणि तिसऱ्यात त्यानं आजवर कसूर केली नव्हती.

"कोणती विहीर?" बाईंनी विचारलं.

भगवंतराव मूर्तिजापूरच्या पलीकडच्या भिलोरी गावचे नगराध्यक्ष. गावाबाहेर जुनी जिनिंग होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना. ती बंद पडून बारा वर्षं झाली, आणि थकलेल्या घरपट्टीपोटी नगरपंचायतीनं इमारत ताब्यात घेतली. तेव्हापासून आत एक चौकीदार आणि पारवे यांखेरीज कुणी नव्हतं. आता दवाखान्यातल्या बँडेजचा कापूस बनवणारी एक कंपनी जागा शोधत होती. भगवंतरावांनी ठराव करून घेतला होता, की दहा वर्षं घरपट्टी माफ, इमारत नावापुरत्या भाड्यानं, रस्ता नगरपंचायत बांधून देणार, आणि वर विहीर फुकट.

"कापूस धुवाले गोड पानी लागते, मॅडम. अन् आमचा सारा खारपाणपट्टा. बोअर मारा का विहीर खणा, खारंच पानी. पुऱ्या मुलखात गोड विहीर एकच, जिनिंगची. कंपनीले तेच आवडलं. पहिला नमुना तपासला, गोड. मागच्या हप्त्यात त्यांची इंजिनियर पोरगी आली, तिनं दुसरा नेला. तो खारा."

"आणि आता?"

"शुक्रवारी निकाल. कोनं घातपात केला हे दाखवलं तं थांबतो म्हनतात. नाई तं दुसऱ्या राज्यात चालले." भगवंतरावांचा आवाज खाली आला. "गावात जवान पोट्टा राह्यला नाई, मॅडम. गेल्या महिन्यात एक मयत झाली, तं खांदा द्याले चार मानसं शेजारच्या गावातून बोलावली."

"संशय कुणावर?"

"कुलदीप. प्लॉट पाडते. त्याले ती जागा पायजे. दुसरा नमुना नेला त्याच्या आदल्या दिवशी तो जिनिंगात होता. मले तो पहिल्यापासून पाण्यात पाहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि नितेश भिलोरीत पोचले. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं होती. गावात शिरल्यावर घरांना कुलपं दिसू लागली. उघड्या घरांच्या ओट्यांवर म्हातारी माणसं बसली होती. गाडी दिसली की ती उठून उभी राहत, आणि आपल्याकडचं कुणी नाही हे कळलं की पुन्हा बसत. नितेशला ते बघवेना. त्यानं काच वर केली.

कुलदीपचं ऑफिस जिनिंगच्या रस्त्यावरच होतं. माणूस तिशीतला, बोलायला रोखठोक.

"जागा मले पायजे, हे मी भर चौकात सांगतो. पन मीठ?" तो हसला. "मॅडम, ती विहीर पाह्यली का? ट्रकभर मीठ टाकलं तं कुठं पानी खारं होईन. गेटले कुलूप, चावी चौकीदार अय्युब चाचाजोळ. मी काय खिशातून नेलं?"

"नमुना नेला त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही तिथं होता."

"टेप घेऊन. मोजत होतो, चाचाच्या समोर. अन् त्या इमारतीत आता राह्यलंच काय? लोखंडी दारं गेले, पत्र्याची पन्हाळं गेली, पाइप गेले. सगळं भंगारात इकलं. लिलाव खुद्द भगवंतरावांनीच केलता, सात-आठ वर्सं झाली. आता मले शिकोते इमारत कशी वाचवाची ते."

गाडीत बसल्यावर बाईंनी कंपनीच्या इंजिनियर मुलीला, आचलला, फोन लावला. ती अमरावतीला मुक्कामी होती.

"दुसरा नमुना मी स्वतः काढला," आचल म्हणाली. "बादली मीच सोडली आणि बाटलीला सील तिथेच लावलं. त्यात कुणाचा हात लागणं शक्य नाही."

"आणि पहिला?"

"तो नगरपंचायतीनं पाठवला होता. सील त्यांच्या ऑफिसात लागलं. भरला कुणी, ते मला ठाऊक नाही."

जिनिंगचं फाटक अय्युब चाचांनी उघडलं. सत्तरीचा वाकलेला माणूस. पूर्वी इथेच कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर होते, आता चौकीदार. आवारातल्या मजुरांच्या चाळीतल्या सगळ्या खोल्या ओस पडल्या होत्या. एका खोलीत चाचा राहत. बायको सबीहा पाच वर्षांपूर्वी गेली, मुलगा शाकीब चाकणला कारखान्यात होता. शेजारची खोली झाडलेली होती आणि बाजेवर नवी चादर अंथरलेली होती.

"हे कोनाची खोली?" नितेशनं विचारलं.

"शाकीबची. त्याले मशीनचं काम येते. हा कारखाना आला का इथंच लागते तो. मले म्हनते, अब्बा, गावात काम असतं तं मी गेलोच नसतो." चाचांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "येवढं एक झालं का मंग अल्ला मले उचलो, काही हरकत नाई."

बाई विहिरीकडे गेल्या. बांधीव, रुंद विहीर. तळाशी पाणी चमकत होतं. काठाच्या धुण्याच्या दगडावर पांढरा थर बसला होता. बाईंनी नखानं खरवडून पाहिला, तो निघेना. बाजूला लिंबाचं झाड होतं, कागदी लिंबाचं, आणि ते उभ्याउभ्या वाळून त्याची साल गळाली होती. इमारतीच्या भिंतीपासून विहिरीपर्यंत एक दगडी नाली आली होती. तिच्यात पाला गच्च भरला होता.

"कचरा कोणी काढत नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

"पानी येत नाई तिच्यातून आता. मंग काढून काय फायदा," चाचा म्हणाले.

जेवून जा, असा त्यांनी आग्रह धरला. नितेशला आग्रहाची गरज नव्हती. तो बादलीतल्या पाण्यानं हात धुऊ लागला. साबण घासघास घासला, तरी फेस येईना.

"कोनता साबन आहे हा, चाचा? बदला बावा."

खोलीत कोपऱ्यात दोन माठ होते. एक उघडा, एकावर झाकण आणि झाकणावर पालथा पेला. चाचांनी झाकणाच्या माठातून पाणी घेऊन चहा केला, त्याच पाण्यात तुरीच्या डाळीची खिचडी टाकली. दाराशी सायकल उभी होती. तिच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे बसवलेले होते. डाळ छान मऊ शिजली. नितेशनं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"चाचा, मीठ टाकाचं राह्यलं वाटते."

"टाकलं ना," चाचा गोंधळले. "माह्या अंदाजानं तं बरोबर टाकलं. घ्या, वरतून घ्या." त्यांनी मिठाची वाटी पुढे सरकवली, आणि झाकणाच्या माठाकडे पाहिलं.

बाईंनी अळणी खिचडी तशीच खाल्ली. मग चाचांकडून शाकीबचा नंबर घेतला आणि फाटकाबाहेर जाऊन बराच वेळ बोलत राहिल्या. नितेशला दुरून फक्त त्यांची पाठ दिसत होती. परत आल्या तेव्हा त्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "भगवंतराव, कुलदीप आणि आचल, तिघांना इथंच बोलाव. आजच."

चार वाजता सगळे विहिरीच्या काठावर जमले. चाचा धुण्याच्या दगडाशी उभे होते.

"मीठ कोनाचं निघालं?" भगवंतरावांनी कुलदीपकडे बघत विचारलं.

"कुणी टाकलं नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "एवढ्या विहिरीत मीठ टाकायचं तर कुलदीपभाऊ म्हणाले तसा ट्रक लागेल. या दगडावर पांढरा थर आहे, तो हप्त्याभरात बसत नाही. लिंबाचं झाडही हप्त्याभरात वाळून साल टाकत नाही. ही विहीर कित्येक वर्षं खारीच आहे."

"पहिला नमुना गोड होता," आचल म्हणाली.

"नमुना गोड होता. पण तो या विहिरीतला नव्हता. भगवंतराव, नमुन्याचा तो कॅन कुणी भरला?"

"शिपायानं चाचाले सांगतलं असन. फाटकाची चावी त्याच्याजोळ."

"गावाला आता धरणाचा नळ आहे. चाळ ओस पडली, फाटकाला कुलूप. विहिरीचं पाणी कुणी चाखलंच नाही. गाव जुन्या आठवणीवर तिला गोड म्हणत राहिलं. खरं ठाऊक होतं ते एकाच माणसाला."

चाचांनी मान खाली घातली.

"पुरावा?" कुलदीपनं विचारलं. त्याला आता मजा वाटत नव्हती.

"नितेशचं जेवण," बाई म्हणाल्या.

नितेश दचकला.

"साबणाला फेस आला नाही, म्हणजे बादलीत विहिरीचं खारं पाणी होतं. पण चहा नासला नाही, डाळ मऊ शिजली. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ दगडासारखी राहते, हे इथं कुणाला सांगायला नको. म्हणजे झाकणाच्या माठात गोड पाणी होतं, गावच्या नळावरून सायकलवर आणलेलं. कॅन अडकवायचे आकडे अजून कॅरिअरला आहेत. मग खिचडी अळणी का झाली? चाचांनी मीठ टाकलं होतं. नेहमीच्या अंदाजानं टाकलं होतं. खाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षं रांधणारा हात मीठ चिमूटभरच टाकतो, बाकीचं पाण्यात असतंच. पाहुण्यांसाठी पाणी बदललं, हात बदलला नाही. एकट्या माणसाला हे कळतही नाही, कारण मीठ कमी पडलं म्हणून सांगायला घरात कुणी नसतं."

हे शेवटचं वाक्य बाईंनी जरा हळू म्हटलं.

"तुम्ही स्वतः कोणतं पाणी पिता, चाचा?"

"विहिरीचं. मले सवय झाली. झाकणाचा माठ शाकीबसाठी रोज ताजा भरतो, तो कवा आला तं." चाचा सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मी खोटं केलं. शिपाई म्हने, कॅन भरून दे. मी बादली काढली, चाखली, अन् ओतून देल्ली. हे पानी गेलं तं कारखाना गेला. मंग माठातलं भरून देल्लं. वाटलं, एकदा मशिनी लागल्या का कोन जाते मंग. पोरगं येते घरी."

"अय्युब, नगरपंचायतीचं मीठ खाल्लं तुनं," भगवंतराव संतापले. "साऱ्या गावाची इज्जत घालवली. मॅडम, लिहून द्या, यानंच घात केला."

"तुम्ही मला वेगळं काम दिलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "विहिरीत मीठ कुणी टाकलं ते शोधा, म्हणाला होतात. त्याचंही उत्तर आहे. खारपाणपट्ट्यात हीच एक विहीर गोड कशी, याचा विचार कुणी केलाच नाही. ही नाली बघा. जिनिंगच्या एवढ्या मोठ्या छपराचं पावसाचं पाणी पन्हाळातून या नालीत आणि नालीतून विहिरीत येई. गोडवा जमिनीचा नव्हता, छपराचा होता. पन्हाळं गेली, आणि विहीर मूळच्या चवीवर आली. पन्हाळं लिलावात कुणी विकली, भगवंतराव?"

भगवंतराव छपराकडे पाहत राहिले. पत्र्याच्या कडेला पन्हाळांचे रिकामे आकडे ओळीनं लोंबत होते.

"मले भंगार दिसलं," ते शेवटी म्हणाले. "मले खरंच ते भंगार दिसलं."

आचल नाली चालत जाऊन पाहून आली. "पन्हाळं बसवली तर दोन-तीन पावसाळ्यांत फरक पडेल," ती म्हणाली. "तोवर धरणाच्या पाण्याची लाइन इथवर आणून देता का, ते ठरावात घाला. मी खरं तेच लिहीन, आणि हेही लिहीन. पुढचं माझ्या हातात नाही."

"घालतो," भगवंतराव म्हणाले. त्यांनी चाचांकडे पाहिलं आणि नजर वळवली. "अन् नाली साफ कर, अय्युब. उद्यापासून."

निघताना चाचांनी उरलेली खिचडी डब्यात भरून नितेशच्या हातात दिली, वर कागदात बांधून मिठाची पुडी. "दोन पावसाळे काही जास्त नाई, बाई," ते म्हणाले. "मी शाकीबले सांगतो, थोडा थांब."

मूर्तिजापूर मागे पडलं, तरी नितेशनं डबा उघडला नव्हता. त्याच्या बाबतीत हे नवलच होतं.

"ताई, शाकीब काय म्हनला फोनवर?"

"मी विचारलं, विहिरीचं पाणी कधी प्यायलात. म्हणाला, अम्मी गेली तेव्हा आलो होतो, त्यानंतर आलोच नाही. तेव्हाही अब्बांनी झाकणाच्या माठातलं दिलं होतं." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मग आपणहून सांगत बसला. चाकणला फ्लॅट घेतलाय. पोरगी तिथल्या शाळेत आहे. कारखाना आला तरी तो येणार नाही. दर फोनला सांगायचं ठरवतो आणि दर फोनला राहून जातं."

नितेशनं गाडी हळू केली. "मंग तुमी काहून नाई सांगतलं चाचाले?"

"मला विहिरीचं विचारायला बोलावलं होतं, नितेश."

"तरी."

अकोल्यात बाईंच्या दारापाशी गाडी थांबली, तेव्हा नितेशनं न मागता डबा त्यांच्याकडे दिला. घरात त्यांनी दिवा लावला, खिचडी गरम केली आणि मिठाची पुडी सोडली. मग ती तशीच बाजूला ठेवून त्यांनी शाकीबला पुन्हा फोन लावला.

"येऊ नका," त्या म्हणाल्या. "पण तसं सांगा त्यांना. म्हातारा माणूस स्वतः खारं पाणी पितो आणि तुमच्यासाठी रोज सायकलवर गोड पाणी भरून आणतो."

पलीकडे फोन ठेवला गेला नाही. बाई ताट पुढ्यात घेऊन, फोन कानाशी धरून तशाच बसून राहिल्या.