मंजुरीचा आवाज

ही गोष्ट सुरू झाली औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत, भर दुपारी. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं. कानताई आईसाठी मोठ्या मापाचे डायपर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायला उभी होती. पुढचा म्हातारा सुट्ट्या पैशांवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होता. तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. गाडीच्या कंपनीचा मेसेज होता. ‘मागच्या सीटची ऊब ही सुविधा सुरू केल्याबद्दल आभार.’ खाली रक्कम लिहिलेली, आणि ती तिच्या कार्डातून गेलेलीसुद्धा.

कानताई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची, म्हणून सगळे तिला तसं म्हणत. छोट्याशा बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि एकाहून एक बारीक आवाज सोडत विचारायचं, आला का? वीस वर्षं तिने हेच केलं होतं. तिचे स्वतःचे कान इतके तिखट की शेजाऱ्यांचा नळ टपटपला तर झोप हिची उडायची.

गाडी तिने आठ महिन्यांपूर्वी घेतली होती, आणि घेतली होती ती आईसाठीच. दोन वर्षांपूर्वी आईला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. उरला डावा हात. त्या हातात कानताई आपलं बोट द्यायची. आईने एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. चहा हवा का, पंखा लावू का, कंटाळा आला का, मायलेकींचं सगळं बोलणं त्या हातातून चालायचं. आईला फिजिओथेरपीला न्यायचं तर चाकांची खुर्ची आत बसेल अशी गाडी हवी होती, म्हणून ही विजेवर चालणारी मोठी गाडी. तिच्यात म्हणे सगळं आधीच बसवलेलं असतं, फक्त कुलूप घातलेलं. ॲपवर पैसे भरा, कुलूप उघडेल. आपल्याच घरातल्या खोल्यांचं भाडं दुसऱ्याला द्यायचं, असा सगळा प्रकार. घेतानाच कानताईने कानाला खडा लावला होता की यांच्या ॲपवर एक पैसा खर्च करायचा नाही.

त्यामुळे मेसेज वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांगेतूनच तिने कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस थकल्या आवाजाचा, पण सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मंजुरी गाडीतूनच आली आहे, तोंडी आली आहे, रेकॉर्डिंग हवं असेल तर पाठवतो. कानताई म्हणाली, पाठवाच. गाडी तीन दिवस तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी होती आणि किल्ली हिच्या पर्समध्ये होती.

रेकॉर्डिंग तिने इस्पितळात, कामाच्या खोलीत ऐकलं. दार लावलं की त्या खोलीत स्वतःच्या गिळण्याचासुद्धा आवाज येतो. आधी गाडीचा तो गुळगुळीत बाईचा आवाज आला, ‘मागच्या सीटची ऊब सुरू करायची आहे. मंजूर आहे का?’ मग नुसती खरखर. मग कोणीतरी श्वास घेतला.

“हो.”

तिने ते लगेच परत लावलं.

आई शिवणकाम करायची. चाळीस वर्षं तिच्या ओठांत टाचण्या असायच्या, त्यामुळे तिचा ‘हो’ दात न उघडता, निम्मा नाकातून यायचा. पोरीने शाळेतून येऊन काहीही विचारावं, मशीनवरून मान वर न करता तिने तसाच हो म्हणावं. हा हो तोच होता. टाचण्यांमागून आलेला.

एक्कावन्न वर्षांची बाई, बाहेर रांगेत पाच पेशंट, आणि ती आत बसून ढसाढसा रडली. अकरा वेळा ऐकलं तिने ते. आईची वाचा गेल्यावर सव्वा वर्षाने गाडी घरात आली होती. गाडीने तो आवाज कधी ऐकलेलाच नव्हता, ऐकणं शक्यच नव्हतं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ज्यासाठी जीव तळमळतो ते अचानक पदरात पडलं की ते कुठून आलं हे विचारायला माणूस जात नाही.

संध्याकाळी तिने ते आईला ऐकवलं. आईच्या मुठीत बोट दिलं आणि विचारलं, “आई, तुझाच आहे ना ग आवाज?”

आईने दाबलं. पुन्हा दाबलं. थांबली, आणि परत दोनदा दाबलं. मग सोडेचना, दाबतच राहिली. कानताईला वाटलं, आनंदाने हिशेब चुकला बिचारीचा. तिने आईचा हात गालाला लावला.

दिवसभर आईजवळ असणाऱ्या मावशी निघता निघता म्हणाल्या, “ताई, दुपारपासून यांचे पाय गार पडलेत बघा. दोन-दोन मोजे घातले तरी बर्फच.”

हवा बदलली असेल, असं कानताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने तक्रार मागे घेतली.

नऊ दिवसांनी दुसरी रक्कम गेली. ‘अंधारात बघणारा कॅमेरा.’ या वेळी तिने भांडायला फोन केला नाही, नुसतं रेकॉर्डिंग मागवलं. फोनवरचा माणूस म्हणाला, पैसे परत नकोत का? नकोत, असं ती म्हणाली, आणि तिलाच स्वतःची थोडी लाज वाटली. या खेपेला आवाज जास्त जवळून आला होता.

“हो, घे.”

दोनच शब्द, पण ते ऐकायला ती जेवणाची सुट्टी त्या बंद खोलीत काढू लागली. त्याच आठवड्यात मावशींनी सांगितलं की चमचा ओठाला टेकेपर्यंत आई तोंड उघडत नाही, समोरून आलेला दिसतच नाही जणू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि डोळ्यांत दोष नाही, वयाचं असेल, असं सांगून मोकळे झाले. कानताईने मान डोलावली. पायांचं आणि डोळ्यांचं गणित तिला तेव्हाच मांडता आलं असतं. तिने मांडलं नाही, कारण उत्तर नको होतं.

तिसरी सुविधा होती ‘हात न लावता वळणारं स्टीअरिंग’. रेकॉर्डिंगमध्ये गाडीचा प्रश्न संपायच्या आतच उत्तर आलं. थकलेलं, समजूत घालणारं, हट्टी पोराला शेवटचा घास द्यावा तसं.

“हो… तेही घे.”

त्या संध्याकाळी तिने आईच्या डाव्या मुठीत बोट ठेवलं. मूठ मिटली नाही. तिने हाक मारली, बोट हलवलं, आईची बोटं आपल्या हाताने मिटून पाहिली. ती पुन्हा उघडली आणि चादरीवर तशीच पडून राहिली. आईच्या दृष्टी गेलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं.

तेव्हा तिला पहिल्या संध्याकाळचं ते दाबणं कळलं. दोनदा, आणि परत दोनदा. नाही, नाही. आई आनंदाने हिशेब चुकली नव्हती. ती जीव तोडून सांगत होती, आणि लोकांचे कान तपासणाऱ्या लेकीने ते ऐकलं नव्हतं. आपण आईचा आवाज विकत घेत होतो आणि किंमत आईच मोजत होती, हे तिने स्वतःशी उघड म्हटलं. पश्चात्ताप हा शब्द तिला फार छोटा वाटला.

सकाळी दहाला, मावशी आल्या आल्या, ती तळघरात उतरली. वर लख्ख ऊन होतं, खाली मात्र एकच ट्यूबलाईट होती, तीही अर्धी मेलेली. गाडीचं दार उघडताच वास आला. शिवणयंत्राच्या तेलाचा, आणि कापडावर खुणा करायच्या खडूचा. त्या गाडीत शिवणयंत्र कधी चढलं नव्हतं. ती पुढे बसली, तसा पट्ट्याचा इशारा वाजू लागला. तिने पट्टा लावला, तरी तो थांबेना. मग पडद्यावर तिला दिसलं की इशारा तिच्यासाठी नाही. मागच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावलेला नव्हता.

तिने मागे वळून पाहिलं नाही. हात मात्र मागे नेऊन सीटला लावला. सीट उबदार होती, आणि मधोमध खोलगट दबलेली होती.

फोनवर तोच थकलेला माणूस आला. ती म्हणाली, पैसे ठेवा तुम्हाला, पण सगळ्या सुविधा आत्ताच्या आत्ता काढा. तो म्हणाला की घरातल्याच माणसाने मंजुरी दिली असेल तर काढता येत नाहीत. आवाज घरातल्या कोणाचाच नाही, असं खातेदाराने गाडीत बसून तोंडी सांगावं लागतं. सांगितल्यावर गाडी पुढचं विचारेल, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

“हा आवाज… माझ्या घरातल्या कोणाचा नाही,” ती म्हणाली.

गाडीने विचारलं, “हा आवाज तुमच्या आईचा आहे का?”

आईचं नाव कोणी काढलंच नव्हतं. स्टीअरिंग तिच्या गुडघ्यांजवळ किंचित वळलं, आणि पुन्हा सरळ झालं.

“नाही.”

मागचा इशारा थांबला. सीटचं चामडं कुरकुरलं, कोणी उठावं तसं.

“नोंद झाली,” गाडी म्हणाली. “दिलेल्या सुविधा परत केल्या जातील. यापुढच्या सर्व मंजुऱ्यांची किंमत खातेदाराच्या नावे धरली जाईल. मंजूर आहे का?”

“हो, हो,” ती म्हणाली आणि दार ढकलून बाहेर पडली.

वर आली तर मावशी दारातच हसत उभ्या. आईचे पाय गरम होते. आई तिच्याकडे बघत होती, खरोखर बघत होती, आणि बोट दिल्याबरोबर आईने ते इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. कानताईचा जीव भांड्यात पडला. पुढचे तीन दिवस ती घरातच राहिली. इस्पितळात रजा कळवली, आईचे केस धुतले, गाडी विकायची जाहिरात लिहून ठेवली. तिन्ही रेकॉर्डिंग पुसून टाकली. आता आवाज नको होता, आई होती तेवढी पुरे होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती आईची नखं कापत होती. मावशी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, डोक्यावर पंखा खडखडत होता.

“हो,” आई म्हणाली.

स्पष्ट. ओठ उघडून. कानताईच्या हातातलं नेलकटर पडलं. ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली, “आई… आई, परत बोल ना ग,” म्हणाली. पण आई तिच्याकडे बघत नव्हती. मान थोडी कलती करून ती भिंतीकडे लक्ष देऊन होती, समोर कोणी काही विचारत असावं तशी.

टेबलावर फोन उजळला. कानताईने बसल्या जागेवरून वाचलं. ‘बाहेरचे आवाज टिपणारे माइक ही सुविधा सुरू केल्याबद्दल आभार.’

आधी पंखा गेला. म्हणजे तो फिरत होता, वाराही येत होता, खडखड मात्र राहिली नव्हती. मग तिला दिसलं की मावशी धावत दारात आल्या आहेत, त्यांच्या हातून पातेलं फरशीवर पडून गरगर फिरतं आहे, आणि त्या तोंडाला हात लावून आईकडे बघताहेत. पातेल्याचा आवाज नव्हता. कानताईने आईला हाक मारली. ती छातीत जाणवली, कानात नाही.

आई बोलत होती. दोन वर्षांनी, भरभरून, न अडखळता बोलत होती. तिच्या गालांवर रंग आला होता. कानताई तिच्या तोंडाशी कान नेऊन बसली, आईचा श्वास कानावर ऊन ऊन लागत होता, त्यापलीकडे काही नाही. आईचे ओठ थांबले. तिने मान कलती करून पुढचा प्रश्न ऐकला, जरासा विचार केला, आणि ओठ पुन्हा हलले.

टेबलावर फोन पुन्हा उजळला.