गोंदाची बाजू

चांदसाहेबाचा एकच हट्ट होता. जाहिराती छापतात त्या प्लास्टिकच्या व्हिनाइलच्या चिकट बाजूला बोट लागता कामा नये. छापील बाजूवर हवी तेवढी रबरी पट्टी घासा, पण मागच्या गोंदाला चुकून जरी बोट टेकलं, तरी त्याचा ठसा आत कायमचा राहतो आणि बाहेरून कितीही पुसला तरी जात नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत ट्रकच्या अंगावर जाहिराती चिकटवणारे पुष्कळ, पण बिनठशाचं काम चांदसाहेबाचंच, असं लोक म्हणत. तोही उगाच नाही-नाही म्हणायच्या फंदात पडत नसे.

मे महिन्यातल्या एका सकाळी आष्ट्याच्या पृथ्वीराज पाटलानं आपला चाळीस फुटी बंद ट्रेलर चांदसाहेबाच्या शेडसमोर आणून लावला. तिशीचा गडी, गाडीचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. सांगलीच्या एका हळदवाल्याचं काम त्याला नव्यानं मिळालं होतं. ट्रेलरवरची पंपांची जुनी जाहिरात काढून दोन्ही अंगांना पिवळीधमक हळद चढवायची होती.

"चाचा, सांजच्याला पायजे बघा. उद्या पेठेत लोड हाय."

"ऊन चांगलं हाय, हुतंय की. चारला या," चांदसाहेब म्हणाला.

तो आणि जोतिबा दोघंच कामाला लागले. जोतिबा गेली वीस वर्षं त्याच्याबरोबर होता. पूर्वी तिसरा अफताब असायचा, चांदसाहेबाचा मुलगा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, ऊसवाहतुकीच्या ऐन हंगामात, भरदुपारी आष्ट्याहून मोटरसायकलवर परत येताना त्याला कुणीतरी उडवलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'अज्ञात वाहन'. त्या दोन शब्दांचा चांदसाहेबाला इतका संताप होता, की तो कागद घरात नको म्हणून त्यानं शेडमध्ये ठेवला होता. त्याची बायको फरीदा म्हणायची, अल्ला बघतोय, तुम्ही सोडून द्या. तो म्हणायचा, अल्ला बघतोय हे ठीकच, पण मलाही एकदा बघायचंय. सव्वा वर्ष तो रस्त्यावरच्या प्रत्येक मोठ्या गाडीच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. माणूस अशानं बरा होत नाही, हे त्यालाही कळत होतं.

जुना व्हिनाइल सोलला. पत्रा स्पिरिटनं दोनदा पुसला. अकरापर्यंत डाव्या अंगाचा पहिला पट्टा लागला, एकपर्यंत सगळी डावी बाजू पिवळी झाली. पत्रा एवढा तापला होता की उष्ण हवेची गन हातात घ्यायचीही गरज पडत नव्हती. भाकरी खाऊन दोघं परत आले, तेव्हा जोतिबा मागच्या चाकांपाशी थबकला.

"चांदभाई, म्हातारपण आलं म्हणायचं. बोट लागलं तुमचं."

मागच्या चाकांच्या जरा अलीकडे, मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, पिवळ्या रंगाखाली एक करडा ओरखडा उठला होता. वीतभर लांब, मागं चाकांकडे ओढत गेलेला. चांदसाहेबानं हातातले सुती मोजे वर करून दाखवले. तरी कपाळावर आठी आली. एवढ्या वर्षांत हे झालं नव्हतं.

त्यानं तेवढा चौकोन कापून सोलला. गोंदाची बाजू उन्हात धरून पाहिली. स्वच्छ होती. खालचा पत्राही आरशासारखा स्वच्छ होता. त्यानं तो परत पुसला, नवा तुकडा कापला, लावला, पट्टी मारली. दोघं तिथंच उभे राहून बघत बसले.

दहा मिनिटांत खालून चार फुगे वर आले. हवेचे फुगे येतात, त्यात नवल नाही, सुई टोचली की बसतात. हे टोचले तरी बसले नाहीत. हळूहळू लांबट झाले आणि त्यांना पेरं आली. चार बोटं. त्यातलं मधलं पहिल्या पेरावरच संपलेलं.

अफताबच्या उजव्या हाताचं मधलं बोट कामावर रुजू झाला त्या वर्षीच कटरखाली गेलं होतं. टाके घालायला त्याला सांगलीला जोतिबानंच नेलं होतं.

जोतिबा मागं सरला. "आपुन ही गाडी करायची न्हाई, चांदभाई."

"थांब."

चांदसाहेबानं मोजा काढला आणि तळहात त्या बोटांवर ठेवला. तापलेल्या पत्र्यावर तेवढी जागा गार होती. आता बोटं चाकांकडे ओढली जात नव्हती. ती पुढं, केबिनच्या दिशेला वळली होती.

उजवी बाजू चढवून होते न होते तोच चारला पृथ्वीराज आला. जोतिबानं बोट करून त्याला डाग दाखवला.

पृथ्वीराजनं डागाकडे एकदाच पाहिलं. मग तो मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला हात घालून चाचपू लागला. हात बाहेर काढून त्यानं बोटं निरखून पाहिली. तिथं काहीच नव्हतं. तिथं बघायला त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

चांदसाहेब त्याच्या पाठीकडे बघत राहिला. सव्वा वर्षानं त्याचा श्वास पोटापर्यंत गेला.

"गेल्या साली ऊस चालू हुता तवा ह्यो ट्रेलर कोण चालवायचं, पाटील?"

"मीच की. कवापासनं मीच चालवतोय." पृथ्वीराज उठला. "का वो?"

"काय न्हाई. डाग काढतो. पाच मिनटं बसा."

पोलिसांकडे जावं, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण सांगायचं काय? गोंदाखाली माझ्या पोराची बोटं उठली म्हणून? ठाण्यात चहा पाजून घरी पाठवलं असतं. पुन्हा कागदावर तेच दोन शब्द राहिले असते.

त्यानं तो तुकडा सोलला. या खेपेला अगदी सावकाश, कडेनं नख घालून, झोपलेल्या लेकरावरचं पांघरूण काढावं तसा. सोललेला व्हिनाइल परत लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. चांदसाहेबानं तो चार फुग्यांसकट दोन हातांवर धरला आणि केबिनकडे चालू लागला.

"सोललेला तुकडा लावत न्हाईत, चांदभाई," मागून जोतिबा हळूच म्हणाला.

"ठाऊक हाय मला."

"मग?"

"पट्टी दे."

जोतिबानं क्षणभर त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि पट्टी दिली.

ड्रायव्हरच्या सीटमागं, बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीवर, चांदसाहेबानं तो तुकडा लावला. "पाठीमागं पत्रा तापतो तुमच्या. म्हणून लावला," त्यानं पृथ्वीराजला सांगितलं. ट्रेलरच्या अंगावर मग नवा तुकडा मारला. अर्धा तास वाट पाहिली. एक फुगासुद्धा आला नाही.

"झ्याक झालं बगा, चाचा," म्हणत पृथ्वीराज केबिनमध्ये चढला आणि मागं रेलून बसला.

नऊ दिवसांनी तो भरदुपारी आला. मोटरसायकलवर, एकटाच. एवढ्या उन्हात मानेभोवती टॉवेल गुंडाळलेला.

"चाचा, तुमचं ते गोंद अंगाला लागलं तर कशानं निघतंय?"

"कुठं लागलंय?"

त्यानं टॉवेल काढला. जोतिबा शेडच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

कातडीखाली चार फुगे होते. लांबट. मधला अर्धाच. मानेमागून निघून उजव्या कानाखाली आले होते.

"डॉक्टर म्हनतोय अलर्जी हाय. मलम दिलंय. पर ह्ये सरकतंय, चाचा. परवा मागं हुतं."

"कुणाचं हाय, ठाऊक हाय तुला?"

पृथ्वीराज खाली बसला.

"मी थांबलो हुतो, चाचा. शप्पत. उतरून बघितलं. पानी मागत हुता."

"मग?"

"मागनं ट्रॅक्टर येत हुता. मडगार्ड पुसलं आन निघालो."

चांदसाहेबानं स्पिरिटची बाटली पुढं ओढली.

"नाव ठाऊक न्हाई मला त्याचं," पृथ्वीराज म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुमाला ठाऊक असंल तर सांगा. त्याच्या घरच्यांच्या पाया पडतो. काय बी करतो."

चांदसाहेबानं नाव सांगितलं नाही.

"बस सरळ," तो म्हणाला. "मान तिकडं कर."

फुगा काढायचा म्हणजे तो जवळच्या कडेकडे ढकलायचा असतो. शिकाऊ माणसालाही हे माहीत असतं. चांदसाहेबानं अंगठा स्पिरिटनं पुसला, कानाखालच्या पहिल्या फुग्यावर टेकवला आणि बाहेर नव्हे, आत नरड्याकडे दाबत नेला. अंगठ्याखाली काहीतरी हललं आणि आपणहून पुढं झालं.

"दुखतंय का?"

"न्हाई." पृथ्वीराजनं डोळे मिटले. "गार वाटतंय, चाचा. उतरतंय जनू."

चांदसाहेबानं दुसऱ्या बोटावर अंगठा ठेवला.