पंचबाईंचे तीन गुण

तिने दार ढकललं आणि ती कुणाच्या तरी पायांना अडखळली.

पायांचा मालक गुडघ्यांवर बसला होता. हनुवटी टेबलाच्या कडेला, एक डोळा मिटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याच्या नाकासमोर अंगठ्याएवढा एक तिरंदाज पुठ्ठ्याच्या भिंतीआड बसला होता.

“जरा थांबा हं,” तो मागे न बघताच म्हणाला. “मी आत्ता तिरंदाज आहे.”

“तिरंदाजांनी रस्ता अडवू नये,” ती म्हणाली. “आणि मी पंच आहे.”

तो एकदम वळला. चष्मा कपाळावरून नाकावर आला, थोडा तिरका बसला. त्याने तो सरळ केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं... जरा जास्तच नीट.

“म्हणजे नियमांचं पुस्तक लिहिलंय ते तुम्हीच? बरं झालं. तुमच्या पुस्तकाला एक भोक आहे.”

आता हे कुणाला आवडेल? पंचबाईंना तर मुळीच नाही. आठवडाभर ती वजनमापं तपासायची. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानादुकानांतून फिरायची, काटे पारखायची, खोटे निघाले की सील ठोकायची. आणि रविवारी दुपारी इथे यायची, वहिनीच्या छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. इथे बारा मोठी माणसं टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर मांडून, स्वतः रंगवलेल्या इवल्या सैनिकांच्या लढाया खेळत. फासे टाकत, टेपने अंतरं मोजत आणि लहान मुलांपेक्षा जोरात भांडत. त्या भांडणांचा निकाल ती द्यायची. चार वर्षांत तिच्या निकालावर कुणी ब्र काढला नव्हता. पंचबाई हे नाव चेष्टेत पडलं होतं, पण त्यात मान होता, आणि तिला तो जिवापाड प्रिय होता.

“कुठलं भोक?” तिने विचारलं.

“पान नऊ. बाण सोडायचा तर शत्रूचं धड दिसायला हवं. डोकं धरायचं नाही.”

“टोपांवर तुरे असतात. तुरा दिसला म्हणून माणूस मारायचा का? फार भांडणं व्हायची.”

“पटलं. पण माझा तिरंदाज बघा.” तो बाजूला सरकला. “मी याला बसलेला घडवलाय. भिंतीवरून नुसतं डोकं वर. डोळे डोक्यात, म्हणून याला सगळे दिसतात. धड भिंतीआड, म्हणून याला कुणी मारू शकत नाही.” मग हळूच म्हणाला, “मला तुम्ही दिसता, पण मी तुम्हाला दिसत नाही. तुमच्याच पुस्तकात आहे.”

तीही खाली बसली. एक डोळा मिटून भिंतीवरून पाहिलं. दोघांच्या हनुवट्या एकाच कडेवर, मध्ये वीतभर अंतर. त्याच्या बाहीला डिंकाचा वास येत होता. भोक होतंच, चांगलं हातभर.

“हंगाम सुरू झालाय. मध्येच नियम बदलता येत नाही,” ती शेवटी म्हणाली. “त्यामुळे हे चालेल. पण तुम्हाला सांगितलं ते मला सगळ्यांना सांगावं लागेल.”

“सांगा ना. मी विचारलं ते वापरायला नाही. कुणीतरी वापरेल, म्हणून विचारलं.”

तिने फळ्यावर खुलासा लावला. पुढच्याच रविवारी त्या बाराजणांतल्या पशुवैद्यांचे सगळे तिरंदाज खाली बसले. पशुवैद्य स्वभावाने सज्जन माणूस, पण जिंकायचं म्हटलं की भान नाही. “नियमात आहे ना?” ते हसून म्हणायचे, आणि होतंच ते नियमात. नव्या माणसाचा तिरंदाज मात्र त्याच रविवारपासून उभा राहिला. बसलेला त्याने डब्यात ठेवून दिला.

नवा माणूस चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक होता, म्हणून त्याचं नाव चष्मेवाला पडलं.

क्लबात एक पद्धत होती. शंका तोंडी विचारायची नाही, चिठ्ठीवर लिहून पंचांच्या टेबलावर ठेवायची, उत्तरही चिठ्ठीवरच. आवाज चढू नयेत म्हणून तिनेच घातलेली. चष्मेवाल्याला शंका फार यायच्या.

“घोडा पोहत असेल तर त्याचे पाय मोजायचे का?”

“नाही. पण घोडेस्वाराची अक्कल मोजावी.”

दुसऱ्या रविवारी, “पंच चहा पितात का?”

“डाव चालू असताना नाही.”

तिसऱ्या रविवारी, “पंचांनी एखाद्या खेळाडूकडे पाहून हसल्यास तो निकालाचा भाग धरावा का?”

ती किती तरी वेळ पेन धरून बसली. मग लिहिलं, “धरू नये. ते खेळाबाहेरचं आहे.” चिठ्ठी गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसलो होतो हे आपण लेखी कबूल केलं.

वहिनी गुणांचा हिशेब ठेवायची. तिच्या नजरेतून काय सुटणार? “काय वन्सं,” ती कानाशी येऊन म्हणाली, “नियम एवढे अवघड झालेत का? त्याच्या चिठ्ठ्या तू पर्समध्ये ठेवतेस म्हणून विचारलं.”

“संदर्भासाठी!”

“हो का. बाकी अकरा जणांचे संदर्भ कचऱ्यात दिसले मला.”

सहावा रविवार हंगामाचा शेवटचा. फळ्यावर पशुवैद्य आणि चष्मेवाला जवळजवळ बरोबरीत होते. आणि नेमका त्या दिवशी एक खेळाडू तापाने आला नाही. अकरा राहिले. अशा वेळी कुणी रिकामं बसू नये म्हणून पंचांनी खेळायचं असा रिवाज होता. पंचांचे गुण धरायचे नाहीत, समोरच्याचे धरायचे. पंचांसमोर कोण, हे ठरवायला वहिनीने डब्यातून चिठ्ठी काढली, वाचली आणि तोंडावर हात ठेवला.

चष्मेवाला.

चार वर्षांत ती इतकं मन लावून खेळली नव्हती. तिच्या घोडदळाने नदी ओलांडली तेव्हा अंतर केसभर कमी पडत होतं. तिने टेप गुंडाळायला घेतला, तर तो म्हणाला, “माझ्या बाजूने बघा, पोचतंय.” त्याने वाकून तिला त्याची बाजू दाखवली. खरंच पोचत होतं, आणि त्यात त्याचे तीन भालाईत गेले. तिचा एक फासा टेबलाखाली गडगडला. दोघंही एकदम वाकले, डोक्याला डोकं आपटलं.

“लागलं?”

“डोकं धरायचं नाही,” ती कपाळ चोळत म्हणाली. “पान नऊ.”

तो इतका हसला की शेजारच्या टेबलांवरचे सगळे वळले. तीही हसत होती... आणि तेवढ्यात तिला दिसलं की सगळे तिच्याकडे बघताहेत. पंचबाईंकडे.

डाव त्याने जिंकला, अगदी थोडक्यात. मग शेवटचं काम उरलं. प्रत्येक डावानंतर समोरच्याच्या खिलाडूपणाला पाचपैकी गुण द्यायचे, घडी घालून पेटीत टाकायचे. कुणी किती दिले ते गुप्त. हंगाम संपल्यावर वहिनी हे गुण डाव जिंकल्याच्या गुणांत मिळवून सगळ्यांची बेरीज वाचायची आणि चिठ्ठ्या फाडून टाकायची.

पाच. दुसरा आकडा नव्हताच. पण पेन टेकवलं आणि हात थांबला. हे पाच त्याच्या खेळाला आहेत, की त्याच्या हसण्याला? सगळ्यांनी पाहिलंय. म्हणतील, पंचबाईंचा काटा झुकला. मुख्य म्हणजे, खरंच झुकला असला तर?

तिने तीन लिहिले. घडी घातली, पेटीत टाकली. हातचं राखून दिलं की मन स्वच्छ वाटतं. तिलाही वाटलं, दहा मिनिटं.

मग वहिनीने बेरीज वाचली. पशुवैद्य एकेचाळीस. चष्मेवाला चाळीस.

टाळ्या झाल्या, कप पशुवैद्यांना मिळाला. चष्मेवाल्याने उठून पशुवैद्यांचा हात हातात घेतला, मनापासून हलवला. मग बेरजेच्या कागदाकडे एकदा पाहिलं, आणि पंचांच्या टेबलाकडे न बघता सैनिक डब्यात भरू लागला. वहिनी चिठ्ठ्या फाडत होती. संपलं. आता हे जगात एकट्या तिला माहीत होतं.

सोमवारी ती एका धान्याच्या दुकानात काटा तपासत होती. पितळी वजन ठेवलं, काटा हलला, थांबला. दुकानदार गिऱ्हाइकाला दर किलोमागे थोडं जास्त देत होता.

“मुद्दामच तसा ठेवलाय, बाई,” तो अभिमानाने म्हणाला. “कमी दिलं असं कुणी बोट दाखवायला नको.”

“नापास,” ती म्हणाली.

“अहो, पण नुकसान तर माझंच!”

“तुमचं असो की गिऱ्हाइकाचं. लोक काय म्हणतील या भीतीने हलवलेला काटा खोटाच असतो, काका.”

वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. दुकानदार वाद घालत राहिला, तिला एक शब्द ऐकू आला नाही. फरक एवढाच होता की या माणसाने स्वतःचं नुकसान केलं होतं, आणि तिने दुसऱ्याचं.

पेटी तशीच हातात घेऊन ती चौकातल्या चष्म्याच्या दुकानात शिरली. तो काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता. तिला बघून स्क्रू हातातून निसटला.

“तुमचे दोन गुण मी कापले,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “पाच द्यायचे होते. तीन दिले.”

त्याने फ्रेम पुसली, पुन्हा पुसली.

“खिलाडूपणाचे सहा डावांचे तीस व्हायला हवेत, माझे अठ्ठावीस आले,” तो हळू आवाजात म्हणाला. “इतर कुणी कापले असते तर चाललं असतं, पण मला वाटलंच होतं की ते तुम्ही. कालपासून तोच डाव मनात खेळतोय. कुठे चुकलो, काय बोलायला नको होतं... मला वाटलं, मलाच मजा येत होती. तुम्हाला नव्हती.”

कप गेला याचं तिला वाईट वाटत होतं. याच्यापुढे कप म्हणजे काहीच नव्हतं.

“तुम्ही कुठेच चुकला नाहीत,” ती म्हणाली.

“मग का कापले?”

“ते रविवारी सांगेन. सगळ्यांसमोर. निकाल सगळ्यांचा होता, तुम्हाला एकट्याला गुपचूप सांगून मोकळी झाले तर ती आणखी एक लबाडी होईल.”

“तुमचं पंचपद जाईल.”

“माहितेय.”

“मग नका सांगू. मला कप नकोय. आपल्या दोघांत राहू दे.”

तेवढं तिने ऐकलं असतं तर सगळंच सोपं होतं. कुणाला कळलं नसतं, मान राहिला असता, आणि समोरचा माणूस तर केव्हाच माफ करून बसला होता. तिने मान हलवली आणि बाहेर पडली.

रविवारी हॉल भरलेला होता. कुणी झाडं लावत होतं, कुणी डोंगर. ती पंचांच्या टेबलाशी उभी राहिली. तिने टेबलाची कड धरली.

“गेल्या रविवारी मी एका खेळाडूला दोन गुण कमी दिले. त्याचा खेळ पाचांचा होता. माझ्यामुळे तो हरला.”

पशुवैद्य कप घेऊनच उठले. “मग हा त्याचा,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, तरी पाय अडखळले नाहीत.

“नाही,” चष्मेवाला म्हणाला. “जाहीर झालेला निकाल बदलत नाही. पान तीन. आणि तुम्ही नियमाने खेळलात, डॉक्टर.”

“नियमानेच, पण सगळे तिरंदाज खाली बसवून!” पशुवैद्य पुटपुटले. “पुढच्या हंगामात डोकंही धरा बुवा. मला त्या जिंकण्यात मजा आली नाही.” कप कुणीच घेईना, तेव्हा त्यांनी तो खिडकीत ठेवून दिला.

“पण पंचबाई,” वहिनीने विचारलं. आज तिने वन्सं म्हटलं नाही. तिच्या डोळ्यांत चेष्टाही नव्हती. “तू असं का केलंस?”

आता माघार नव्हती.

“कारण पाच लिहिताना माझा हात फार खुशीत होता,” ती म्हणाली. “मी घाबरले. पक्षपात नको म्हणून उलटा पक्षपात केला. तुम्ही दुसरा पंच नेमा. बाकी सगळ्यांना मी अजूनही बरोबर मोजेन. पण या एका माणसाच्या बाबतीत... माझ्याकडून यापुढे न्याय होणार नाही. कधीच होणार नाही.”

कुणाच्या तरी हातातला फासा खाली पडला. तो कुणी उचलला नाही. तिचे कान तापले होते आणि तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं, म्हणून तिने त्याच्याकडेच पाहिलं.

तो उठून दोन टेबलांमधून वाट काढत आला. कोपर लागून एक सबंध जंगल आडवं झालं, त्याचं त्याला भानही नव्हतं. तिच्यासमोर येऊन थांबला. त्याला शंका चिठ्ठीवर लिहायची सवय, तोंडी बोलताना त्याची जीभ अडखळली.

“मलाही... मलाही तुमच्याकडून न्याय नकोय,” तो म्हणाला.

वहिनीने पंचांची खुर्ची तिच्यामागून अलगद काढून घेतली आणि स्वतः तिच्यावर बसली.