सात नंबरच्या गाळ्याखालची विहीर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण ही घडलेली गोष्ट आहे. बॅप्टिस्टने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली. आणि जिच्यात आपलंच तोंड काळं होतं अशी गोष्ट कोण कशाला रचून सांगेल?

मे १९७२. अंधेरी, मरोळ गावठाण. शनिवार.

त्या काळी मरोळच्या शेतांत भाताऐवजी गाळे उगवायला लागले होते. एकेक शेठ यायचा, शेत घ्यायचा, वर पत्रे चढवायचा आणि लेथवाल्यांना, छापखानेवाल्यांना गाळे विकायचा. शेठला गावात ओळख लागायची. ती ओळख म्हणजे बॅप्टिस्ट. गावचाच माणूस, जिभेवर साखर.

फक्त तेरेसा मावशी अडून बसली होती. म्हातारी, एकटी. गावची विहीर तिच्याच शेतात होती. इथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवर जातात. तिथून पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. गावच्या सगळ्या लेकी याच विहिरीच्या पाण्याने न्हाऊन सासरी गेल्या होत्या.

"शेत घे रे बॅप्टिस, पन इहीर नको बुजवू. क्रुसावर हात ठेव."

बॅप्टिस्टने गावच्या क्रुसावर हात ठेवला. मावशीने कागदावर अंगठा उठवला.

महिन्याभराने शेठने नकाशा पसरून विचारलं, "ही विहीर वापरात आहे काय?"

विहीर राहिली तर सात नंबरचा गाळा होणार नव्हता. आणि सात नंबर शेठने बॅप्टिस्टला कबूल केला होता.

"नाय शेठ. कधीची कोरडी पडलीय."

मुरुमाचे ट्रक आले तेव्हा सगळं गाव काठावर उभं होतं. मावशीने आपली तांब्याची कळशी, गळ्याशी पोचा आलेली, विहिरीत सोडून दिली. डुबुक आवाज आला... मग वरून मुरूम पडला.

शेठने फसवलं, असं बॅप्टिस्टने गावाला सांगितलं. शेठला शिव्या देण्यात तोच पुढे होता. पावसाळ्यात मावशी गेली, तेव्हा तिच्या पेटीला खांदा द्यायलाही तोच पुढे होता.

दोन वर्षं गेली. बॅप्टिस्टच्या एकुलत्या एक लेकीचं, ग्रेसचं लग्न ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, मे १९७२ मधल्या त्या शनिवारी, भर दुपारी बॅप्टिस्टच्या सात नंबरच्या गाळ्यात जेवणासाठी लेथ बंद झाली. एकदम शांतता पसरली.

कुर्र... कुर्र...

रहाटाचा आवाज. कोब्याच्या खालून.

"धोंडिराम, ऐकलंस?"

"काय, मालक?" कारागिराने डबा उघडत विचारलं.

डुबुक...

बॅप्टिस्टने खाली पाहिलं. पायाखालचा कोबा ओला झाला होता. गाळ्यात नळच नव्हता.

तो तसाच घरी पळाला.

संध्याकाळी बँड वाजला. पाच बायका पाच कळश्या घेऊन निघाल्या. विहीर नाही, म्हणून म्युनिसिपालिटीच्या नळावर गेल्या. परत येऊन कळश्या मांडवात ओळीने ठेवल्या.

शेजारची कार्मेलीन मोजता मोजता थांबली.

"अगो, सहावी कोनाची?"

तांब्याची कळशी. काठोकाठ भरलेली. गळ्याशी पोचा...

ग्रेसने पाण्यात हात बुडवला. "पपा, किती गार हाय! नळाचं नाय हे."

"ही तेरेसाची," कार्मेलीन हळूच म्हणाली. "आमच्या डोल्यांदेखत इहिरीत गेलेली. कोनी आनली?"

बँड थांबला. सगळ्यांच्या नजरा बॅप्टिस्टकडे वळल्या.

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण समोर व्याही बसले होते, पाद्री होते, लेक हसत होती.

"मीच आनली," तो म्हणाला. "अंधेरीच्या बाजारातून. तशीच दिसली म्हनून."

कळशीतलं पाणी हललं. मांडवात वाराच नव्हता...

रविवारी सकाळी ग्रेस त्याच पाण्याने न्हाली. पोरीचा संसार सोन्यासारखा झाला, कशाची बाधा झाली नाही. हेच बॅप्टिस्टला आयुष्यभर खात राहिलं. मावशीने शाप दिला असता तर तो सोसला असता. तिने त्याच्या पोरीला पाणी दिलं होतं आणि त्याने तिची कळशी बाजारची म्हणून खपवली.

न्हाणं झाल्यावर कळशी कुणालाच दिसली नाही.

गाळ्यातला आवाज मात्र राहिला. रोज दुपारी, लेथ थांबली की... कुर्र... कुर्र...

तीन वर्षांनी बॅप्टिस्टने गाळा विकायला काढला. घेणारा माणूस चौकस होता. पाय आपटून त्याने विचारलं, "खाली काय आहे? पाणीबिणी?"

बारा वाजले होते. खाली रहाट फिरायला लागला होता.

"काय नाय शेठ," बॅप्टिस्ट म्हणाला. "कोरडी जमीन हाय."

रहाट थांबला, जणू खालून कुणी ऐकत होतं.

हे सगळं मला सांगताना बॅप्टिस्टने एकदाही मान वर केली नाही. गाळा अजून तिथेच आहे. मी त्या गल्लीतून दुपारी जात नाही.